कुणालाच माहीत नसलेला धबधबा

जुलैमध्ये कणकवलीत राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी घरात तयार ठेवाव्या लागतात: पाहुण्यांसाठी जादा टॉवेल आणि एक धबधबा. टॉवेलांचं कसंबसं जमतं. धबधब्याचं मात्र अलीकडे अवघड होऊन बसलं आहे. पूर्वी आंबोलीचा मोठा धबधबा दाखवला, पायऱ्यांवर यथेच्छ भिजवलं आणि मक्याचं भाजलेलं कणीस हातात दिलं की पाहुणा धन्य होऊन परत जायचा. आता तो गाडीतून पाय बाहेर टाकायच्या आधीच बजावतो, "ते आंबोली-बिंबोली नको हं. कुणालाच माहीत नाही असं काहीतरी दाखवा." कुणालाच माहीत नाही ते मला कसं माहीत असेल, हे यजमानानं विचारायचं नसतं.

आमचे पुण्याचे साडू याच पंथातले. वयानं मोठे, त्यामुळे आमच्या घरात ते "भाऊसाहेब". येताना त्यांनी पाण्यात न भिजणारी पिशवी, पाण्यात भिजून लगेच वाळणारी पँट आणि पाण्यात गेल्यावर घालायचे वेगळे बूट आणले होते. एवढी तयारी करून आलेल्या माणसाला गर्दीत नेणं शोभलं नसतं.

तसा आंबोलीचा काही दोष नाही. वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस अंगावर घेतल्यावर घाटानं ते पाणी ठेवायचं तरी कुठे? ते मिळेल तिथून खाली उडी घेतं. पण रविवारी त्याच्याखाली उभं राहायला जागा मिळवायची तर विरार लोकलचा अनुभव गाठीशी हवा. वर हिरण्यकेशीच्या उगमावर जावं, तर तिथल्या कुंडात डुंबायचा विचारही करू नये. २०२० साली तिथे माशाची नवी जात सापडली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. त्या इवल्याशा माशाच्या घरात आपण पंचाऐंशी किलोंचे पाहुणे कशाला शिरायचं?

म्हणून भाऊसाहेबांना आधी सावडावला नेलं. महामार्ग सोडून थोडं आत गेलं की काळ्या कातळावरून ऐसपैस पसरत उतरणारं पाणी दिसतं. धाकधपटशा नाही, पुढ्यात डोह. मला हा धबधबा फार आवडतो, कारण त्याला पराक्रम गाजवायची हौस नाही. भाऊसाहेब पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "इथे माणसं आहेत." होती खरी. एक काका बनियनवर धारेखाली उभे राहून डोक्याला शाम्पू चोळत होते. धबधबा कुणालाच माहीत नसावा, अशी त्यांची काही अट दिसली नाही.

मग वैभववाडीकडे, नापण्याला. सिंधुदुर्गातले बहुतेक धबधबे दिवाळीनंतर हळूहळू आटतात, हा बारमाही. याचं गुपित आहे नाधवड्याच्या उमाळ्यांत. तिथे महादेवाच्या देवळाजवळ जमिनीतून पाणी बुडबुड करत वर येतं, तळाची वाळू नाचते. तेच पाणी पुढे नदीला मिळून नापण्याला कोसळतं. मी हे रंगात येऊन सांगत होतो, पण भाऊसाहेबांची नजर धबधब्यासमोरच्या काचेच्या पुलावर होती. हा पूल २०२५ साली झाला. "ज्याच्यापुढे सरकारनं काचेचा पूल बांधलाय, तो धबधबा अपरिचित कसा म्हणायचा?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी त्यांनी फोन काढला. कुणीतरी कुणाला तरी पाठवलेल्या एका ठिकाणाची खूण त्यात होती. फोनमधली बाई आम्हाला डांबरावरून मातीवर, मातीवरून चिखलात आणि चिखलातून एका गोठ्याच्या दाराशी घेऊन गेली आणि "आपण पोहोचला आहात" म्हणाली. शेजारच्या मळ्यात लावणी चालली होती. इरलं पांघरलेला एक म्हातारा कमरेतून सरळ झाला.

"खंय चाललात?"

"इथे एक धबधबा आहे ना?"

"धबधबो? हो पाठसून व्हाळ येता, तो काय?" त्यानं मागे बोट दाखवलं. खरोखरच झाडीतून तीस-चाळीस फुटांची पांढरीशुभ्र धार पडत होती. भाऊसाहेब हरखले आणि फोटो काढू लागले. म्हातारा शांतपणे म्हणाला, "आमी सकाळपासून भिजतव, आमचो फोटो कोण काढणा नाय."

भाऊसाहेबांना मग पोहायची तलफ आली. बूट बदललेच होते. पण म्हाताऱ्यानं सह्याद्रीकडे पाहिलं. आमच्या डोक्यावर ऊन होतं, वर मात्र डोंगर दिसेनासा झाला होता. "वर पाऊस लागलो हा. उतरा नको." घटकाभरात पाण्याचा रंग चहासारखा झाला, मग पालापाचोळा आला, मग काटक्या, आणि मगाशी आम्ही उभे होतो तो दगड दिसेना. घाटाखालच्या ओढ्यांचं हे असंच असतं. पाऊस पडतो एकाच्या डोक्यावर आणि लोंढा येतो दुसऱ्याच्या पायाशी. शिवाय धारेखालच्या फेसाळ पाण्यात हवाच इतकी मिसळलेली असते की ते अंगाला नीट उचलून धरत नाही. तिथे पट्टीचा पोहणाराही बुडतो. धबधबा बघायचा हंगाम वेगळा, पोहायचा वेगळा. लोक दोन्ही एकाच रविवारी उरकायला बघतात, म्हणून दर पावसाळ्यात कुठे ना कुठे बंदीचे फलक लागतात. मला ते फलक मुळीच खटकत नाहीत. त्यांच्याखाली उभं राहून सेल्फी काढणारे खटकतात.

पोहायला कोकणात यावं ते एप्रिल-मे महिन्यात. तेव्हा धारा गप्प होतात आणि व्हाळातले कोंड उघडे पडतात. हिरवंगार पाणी, तळाचा गोटा न् गोटा दिसतो. इथली पोरं पाठीला दोन असोले नारळ बांधून असल्याच कोंडात पोहायला शिकली. मास्तर म्हणजे थोरला भाऊ. शिकवण्याची पद्धत एकच: ढकलून देणं.

भाऊसाहेब आंब्यांना म्हणून मे महिन्यात आले, तेव्हा त्यांना त्याच वाडीच्या खालच्या कोंडावर नेलं. या वेळी ते खूश झाले. माणसं नव्हती. म्हणजे एक आजी होत्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून वाकळी आपटत होत्या, पण त्यांना भाऊसाहेबांनी निसर्गात धरलं. दोन-तीन सूर मारून ते काठावर आल्यावर आजींनी विचारलं, "खंयसून इलात?"

"पुण्याहून."

"थंय व्हाळ नाय?"

नदी आहे, पण तिच्यात कुणी उतरत नाही, हे भाऊसाहेबांनी थोडक्यात सांगितलं.

"मगे पवतात खंय?"

भाऊसाहेबांनी सोसायटीच्या तलावाचं वर्णन केलं. वर्षाची फी. सकाळी पंचेचाळीस मिनिटं. डोक्याला टोपी सक्तीची. आणि उतरण्याआधी अंघोळ करावीच लागते.

आजींचा हात वाकळीवर थांबला. "पाण्यात उतरूच्या आधी न्हावचा?"

"हो. नियम आहे."

आजींनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि वरच्या अंगाला भांडी घासत बसलेल्या सुनेला हाक घातली, "गो, आयकलंस काय! पुण्यात पैशे भरून, टोपी घालून, दोनदा न्हातत!"