अकालमालिकामरणमीमांसा

अनुबंध

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध या चार गोष्टी सांगाव्यात, असा आपल्याकडे जुना दंडक आहे. त्यास अनुसरून सांगतो. विषय : अमेरिकेतील दूरचित्रवाणी वाहिन्यांनी ऐन उमेदीत बंद केलेल्या मालिका आणि त्यांच्यामागे उरलेला शोकाकुल चाहतावर्ग. प्रयोजन : शोकाचे निवारण, आणि ते न साधल्यास निदान वर्गीकरण. अधिकारी : ज्याच्या आवडत्या मालिकेचा नायक कड्याला लोंबकळत राहिला आणि पुढचा भाग कधी आलाच नाही, असा कोणीही स्त्री-पुरुष. संबंध : प्रस्तुत ग्रंथकाराचा कोणत्याही वाहिनीशी काडीचाही संबंध नाही. सबब निःपक्षपातीपणाविषयी कोणी शंका घेऊ नये.

हे शास्त्र महाराष्ट्रात का उपजले नाही, याचे कारण उघड आहे. आपल्याकडे 'चार दिवस सासूचे' ही मालिका 2001 साली सुरू झाली आणि ते चार दिवस 2013 सालापर्यंत पुरले. भाग झाले तीन हजारांवर. मालिकेत पाणी घालणे ही कला जिथे या थराला पोचली आहे, तिथल्या प्रेक्षकाला मालिका लवकर संपली म्हणून रडणारा माणूस दिसला, तर प्रथम त्याचा हेवाच वाटणार. तेव्हा वाचकांनी हा हेवा क्षणभर बाजूला ठेवावा.

लक्षणविचार

अकालमरण कशाला म्हणावे? 'लवकर बंद पडते ते अकालमरण' अशी व्याख्या केल्यास अतिव्याप्तीचा दोष येतो. 5 फेब्रुवारी 1969 रोजी एबीसी वाहिनीवर 'टर्न-ऑन' नावाचा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. क्लीव्हलंडच्या स्थानिक केंद्राने पहिल्या जाहिरातींनंतर तो पुन्हा लावलाच नाही. म्हणजे जन्मापासून सुमारे 11 मिनिटांत त्या गावापुरता तो निवर्तला. याहून लवकर कोण मरणार? पण त्याच्यासाठी कोणी टिपूस गाळल्याची नोंद नाही. जिथे सुतक धरणारा नाही, तिथे आमच्या शास्त्राचे काही काम नाही.

'चांगली मालिका बंद पडते ते अकालमरण' ही व्याख्या त्याहून वाईट, कारण चांगली कोणती यावर एका घरातल्या दोन माणसांचे एकमत होत नाही. म्हणून आम्ही निर्दोष लक्षण सांगतो : जिचे प्रेक्षक ती बंद पडल्यानंतर वाढतात, तिचे मरण अकाली जाणावे. या लक्षणात पुढचा सगळा सिद्धान्त बीजरूपाने आलेला आहे. घाईच्या वाचकाने इथेच थांबले तरी चालेल.

मारणप्रकार

मालिका मारण्याचे प्रकार तीन : क्रमभंग, खंड आणि कुवार. तिन्ही एकाच देहावर पाहायचे असतील, तर 'फायरफ्लाय'चा पंचनामा वाचावा.

जॉस व्हीडनची ही मालिका 20 सप्टेंबर 2002 रोजी फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. काळ सव्विसावे शतक, एक जुनाट अंतराळयान, त्यात नऊ माणसे, आणि त्यांचा कप्तान एका हरलेल्या युद्धातला सैनिक. ही नऊ माणसे कोण, एकत्र कशी आली, कोण कोणापासून लपतो आहे, हे सगळे दोन तासांच्या पहिल्या भागात नीट मांडलेले होते. वाहिनीला तो संथ वाटला. मग शनिवार-रविवारात दुसरा भाग लिहून घेतला आणि आगगाडीवरच्या दरोड्याने मालिकेचा आरंभ झाला. प्रेक्षक बसला, तो पाहतो तर नऊ अनोळखी माणसे एकमेकांशी जुन्या ओळखीने बोलत आहेत. खरा पहिला भाग दाखवला 20 डिसेंबरला, तोही मालिका बंद करण्याचा निर्णय झाल्यावर. आधी तेरावा, मग बारसे. हा झाला क्रमभंग.

मध्येच ऑक्टोबरात बेसबॉलचे सामने आले आणि मालिका बाजूला सरली. हा खंड. आणि वार होता शुक्रवार, वेळ रात्री आठची. अमेरिकेत शुक्रवारी संध्याकाळी तरुण माणूस घरात सापडत नाही आणि जाहिरातदाराला तर तरुणच हवा असतो. या वेळेला तिकडचे चाहते मृत्यूची वेळच म्हणतात. हा कुवार. तयार झालेल्या 14 भागांपैकी 11 दाखवले आणि पडदा पडला. चाहत्यांनी स्वतःला त्या हरलेल्या सैन्याचे नाव घेतले, 'ब्राऊनकोट्स'. जिंकलेल्या बाजूचे नाव घ्यायला त्यांच्यापाशी काही कारणच नव्हते.

पूर्वपक्ष

चाहत्यांचे म्हणणे असे की, वाहिनीचे अधिकारी मठ्ठ असतात. या पक्षाच्या बाजूने प्रमाण बळकट आहे. 1982 साली एबीसीने 'पोलिस स्क्वॉड!' ही पोलिसी मालिकांची टिंगल करणारी मालिका सहा भागांत गुंडाळली. तिचे विनोद मागे, कोपऱ्यात, फळ्यावर लपलेले असत. पडद्याकडे पाठ करून भाजी चिरणाऱ्याला ते कळत नसत. कारण देताना वाहिनीच्या मनोरंजन विभागाचे प्रमुख टोनी थॉमोपुलस यांनी सांगितले की, ही मालिका समजण्यासाठी ती पाहावी लागते. दूरचित्रवाणीवर असा आरोप याआधी कोणी केला नसावा. तिचा नायक लेस्ली नील्सन, आणि अमेरिकेत प्रेक्षक मोजणारी कंपनीही नील्सन. पण आडनावबंधूला वाचवायला कंपनी धावली नाही. 1988 साली त्याच मंडळींनी तोच नायक घेऊन 'द नेकेड गन' हा चित्रपट काढला. तो इतका चालला की पुढे त्याचे आणखी दोन भाग आले.

पूर्वपक्षाचे दुसरे म्हणणे अधिक गंभीर आहे : आम्ही पाहत होतो, पण आम्हाला मोजलेच नाही. नील्सनची यंत्रे काही हजार घरांत असत. त्या घरांनी जे पाहिले ते देशाने पाहिले, असे धरायचे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. पण शीत काढणाऱ्याचा हात नेमका तळाच्या करपलेल्या भातात गेला, तर वरच्या मोकळ्या भाताने दाद कुठे मागावी?

उत्तरपक्ष

यावर वाहिनीचे उत्तर हिशेबाचे आहे. व्यापारी वाहिनी मालिका विकत नाही. ती प्रेक्षक विकते आणि गिऱ्हाईक असतो जाहिरातदार. त्यातही 18 ते 49 या वयोगटाला भाव जास्त. मालिका दर आठवड्याला खर्च खाते. दर मे महिन्यात न्यूयॉर्कला जाहिरातदारांपुढे नवा माल मांडायचा असतो, आणि त्याआधी जुन्यातले कोण राहणार, कोण जाणार, हे ठरते. अमेरिकी चाहत्यांच्या श्राद्धतिथ्या मे महिन्यात इतक्या का दाटतात, याचे कारण हे. शंभरेक भाग झालेल्या मालिकेचे पुनःप्रक्षेपणाचे हक्क चांगले विकले जातात, म्हणून नव्वदीत आलेल्या मालिकेला कोरामिन देतात आणि चौदाव्या भागावर अडलेलीला देत नाहीत. यात मठ्ठपणा नाही आणि दुष्टावाही नाही. बेरीज-वजाबाकी आहे.

शांतिकर्मे

अकालमरण टाळण्यासाठी किंवा मृताला उठवण्यासाठी चाहते जे विधी करतात, त्यांना आम्ही शांतिकर्मे म्हणतो. त्यांचे आद्यपीठ 'स्टार ट्रेक'. 1967 च्या अखेरीस एनबीसी ही मालिका बंद करणार अशी कुणकुण लागली, तेव्हा ब्यो आणि जॉन ट्रिम्बल या दांपत्याने पत्रांची मोहीम उभारली. लाखाहून अधिक पत्रे गेली. कॅलटेकच्या विद्यार्थ्यांनी मशाली घेऊन बरबँकला वाहिनीच्या दारात मोर्चा नेला. 1 मार्च 1968 रोजी वाहिनीने भाग संपताच पडद्यावरून जाहीर केले की मालिका चालू राहील, आणि कृपया पत्रे पाठवू नयेत. पाठोपाठ मालिका शुक्रवारी रात्री दहाला नेऊन ठेवली, पैसा कमी केला आणि 79 भागांवर 1969 साली संपवली. मग स्थानिक केंद्रांवर संध्याकाळच्या वेळी तिचे जुने भाग फिरू लागले आणि खरा प्रेक्षक तेव्हा जमला. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ती आपल्याकडे दाखवली, तेव्हा मुंबई-पुण्याची पोरे तिच्यातल्या मिस्टर स्पॉकसारख्या भुवया उडवू लागली. आपण मयताच्या घरी पाहुणे आलो आहोत, याचा त्यांना पत्ताही नव्हता.

द्रव्ययज्ञाची परंपरा निराळी. 'रॉसवेल'मधल्या परग्रहवासीयांना तिखट टबॅस्को सॉस आवडे, म्हणून चाहत्यांनी वाहिनीला त्याच्या बाटल्या धाडल्या. पण राजसूय म्हणावा असा यज्ञ 'जेरिको'चा. कॅन्ससमधले एक छोटे गाव, देशभर अणुस्फोट झालेले, आणि शेजारचे गाव चालून आलेले. 9 मे 2007 च्या भागात शत्रू शरण या म्हणतो आणि नायक एका शब्दात उत्तर देतो : 'नट्स!' हेच उत्तर डिसेंबर 1944 मध्ये बॅस्टोनच्या वेढ्यात अमेरिकी जनरल मॅकऑलिफ यांनी जर्मनांना दिले होते. आठवड्याभरात सीबीएसने मालिका बंद केली. चाहत्यांनी तोच शब्द उचलला आणि न्यू जर्सीच्या एका दाणेविक्याकडे नोंदणी करून वाहिनीच्या कचेऱ्यांवर शेंगदाण्यांचा मारा केला. वीस टनांहून अधिक शेंगदाणे! टपाल घेणाऱ्या कारकुनाने काय केले असेल, याची कल्पना उपवासाच्या दिवशी करू नये. जूनमध्ये वाहिनीच्या नीना टॅस्लर यांनी सात भाग मंजूर केले, तुमच्यात आणखी प्रेक्षकांची भर घाला असे बजावले, आणि ताजा कलम जोडला की कृपया आता शेंगदाणे पाठवणे थांबवा.

फेब्रुवारी 2008 मध्ये मालिका परतली, तर पाहणारे पहिल्या पर्वापेक्षाही कमी. निर्मात्यांनी जगली तर एक आणि मेली तर दुसरा असे दोन शेवट आधीच चित्रित करून ठेवले होते. 25 मार्चला दुसरा वापरावा लागला.

शांतिकर्मातले खरे अधिकारी निघाले ते 'चक'चे चाहते. 2009 साली ते एनबीसीकडे नुसती विनवणी करत बसले नाहीत. ते मालिकेत जाहिरात करणाऱ्या सबवेच्या दुकानात गेले, फूटभर लांबीचे सँडविच विकत घेतले, आणि आपण कोणती मालिका पाहून आलो ते चिठ्ठीवर लिहून तिथे ठेवले. नायक झॅकरी लेव्ही इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला होता. तोही चाहत्यांची रांग घेऊन तिथल्या सबवेत शिरला. जाहिरातदाराला गिऱ्हाईक प्रत्यक्ष दिसले. सबवेने पैसा लावला आणि मालिका 2012 पर्यंत जगली. देवळाबाहेर ओरडण्यापेक्षा देवाला नैवेद्य कोण दाखवतो ते शोधावे, हे तत्त्व या मंडळींना उमगले होते.

काही पुनर्जन्मांचे श्रेय मात्र चाहत्यांनी उगाच घेतलेले आहे. 10 मे 2018 रोजी फॉक्सने 'ब्रुकलिन नाइन-नाइन' बंद केली, आकांत झाला, दुसऱ्याच दिवशी एनबीसीने ती घेतली. आकांताचा गुण असेलही. पण ती मालिका बनवणारी युनिव्हर्सल ही एनबीसीच्याच घरची, हे सूक्ष्मदर्शी वाचकाने ध्यानात घ्यावे. मूल आत्याकडून आईकडे आले, इतकेच.

सिद्धान्त

आता लक्षणात पेरलेले बीज उगवले. सुतकी नेहमी प्रेक्षकांपेक्षा संख्येने अधिक असतात. 'फायरफ्लाय'च्या डीव्हीडी इतक्या खपल्या की 2005 साली 'सेरेनिटी' हा चित्रपट निघाला. खर्च सुमारे चार कोटी डॉलर, जगभरच्या तिकीटबारीवरची जमा जवळपास तेवढीच. आणि तिकिटाचा निम्मा पैसा चित्रपटगृहाचा असल्याने तिथला व्यवहार तोट्यात. जितके लोक आज त्या मालिकेसाठी हळहळतात, तितके 2002 च्या त्या शुक्रवारी घरात बसले असते, तर आम्हाला हा ग्रंथ लिहावा लागला नसता. आरंभ छान आणि शेवट नाही, अशा मालिकेला बिघडायची संधीच मिळत नाही. तिच्यात सासू शिरत नाही, नायकाची स्मृती जात नाही, प्लास्टिक सर्जरीने चेहरा बदलत नाही. जी पूर्ण पाहिली तिच्यावर आपण टीका करतो. जी अपुरी राहिली तिची मनातल्या मनात पाच पर्वे लिहितो आणि ती सगळी उत्तम निघतात.

अलीकडे या शास्त्रात नवा रोग शिरला आहे. नेटफ्लिक्ससारख्या मंचांवर मालिका दोन-तीन पर्वांत बंद होतात, म्हणून शहाणा प्रेक्षक ठरवतो की मालिका पूर्ण झाल्याशिवाय हात लावायचा नाही. तो थांबतो, म्हणून सुरुवातीचे आकडे पडतात. आकडे पडतात, म्हणून मालिका बंद होते. बंद होते, म्हणून तो म्हणतो, पाहा, मी म्हटलेच होते. हा अन्योन्याश्रय दोष आहे आणि त्याचा कर्ता सोफ्यावर बसलेला आहे. पूर्वी घरात मीटर नाही ही सबब खरी होती. आता ॲप प्रत्येकाला मोजते, कोणत्या मिनिटाला उठून गेलात तेही टिपते.

फलश्रुती

जो हा ग्रंथ श्रद्धेने वाचील त्याने एवढेच करावे. आवडलेली मालिका आली त्या आठवड्यात पाहावी. मध्ये सोडू नये. पूर्ण होईल तेव्हा बघू, असे म्हणू नये. दोन शेजाऱ्यांना सांगावे आणि त्यांनी खरेच पाहिली का, याची चौकशी करावी. शेंगदाणे घरी ठेवावेत, साबुदाण्याच्या खिचडीत लागतात. इतके करूनही वाहिनीने मालिका बंद केलीच, तर खुशाल बोटे मोडावीत. बाकीच्यांचा शोक कितीही खरा असला तरी उशिरा आलेला असतो, आणि हिशेबाच्या वहीत उशिरा आलेली रक्कम त्या सालात जमा होत नाही.