म की ब?

"सूर लागायला वर्ष लागतं, सर्दी लागायला एक शिंक पुरते," हे आमच्या पेठेतल्या गाण्याच्या बाईंचं पहिलं सूत्र. दुसरं सूत्र साबणाच्या वडीशेजारी चिकटवलेलं आहे, त्याकडे येऊच.

बाईंकडे पाच ते आठ वर्षांची पिल्लं शिकायला येतात. चपला काढल्या की उंबऱ्याबाहेरच उभं राहून एक आरोह म्हणायचा. थर्मामीटरवर बाईंचा विश्वास नाही. सकाळी औषध पाजून ताप उतरवून आणता येतो, हे त्या जाणून आहेत. नाक मात्र खोटं गात नाही. ते चोंदलं की 'म'चा 'ब' होतो आणि 'नि'चा 'दि'. "सा रे ग ब प ध दि सां" ऐकू आलं, की बाई हात जोडून म्हणतात, "या आता."

"ॲलर्जी आहे हो त्याला, संसर्ग नाही!" सोबतची आई कळवळते. ही ॲलर्जी पावसाळ्यात फार, आणि फी भरलेल्या आठवड्यात तर घरोघरी. त्यावर बाईंनी बुडालेला तास रविवारी भरून द्यायला सुरुवात केली, आणि निम्म्या ॲलर्जी आपोआप घरी बसून बऱ्या होऊ लागल्या. तापाचा नियम वेगळा: औषधाशिवाय २४ तास ताप नको. मग परीक्षा तोंडावर असो की आजोबा खास मिरजेहून नातवाचं गाणं ऐकायला आलेले असोत.

आत आलं की मोरी. साबणानं हात २० सेकंद धुवायचे असतात, पण सहा वर्षांच्या मुलाचे २० सेकंद तीनात संपतात. म्हणून बाईंनी हिशोब तालात बसवला. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत तीनतालाची दोन आवर्तनं म्हणजे बरोब्बर २० सेकंद. समेला तळवे, पाचव्या मात्रेला हातांची मागची बाजू, खालीला बोटांच्या बेचक्या, तेराव्या मात्रेला अंगठे. हेच ते साबणाशेजारचं सूत्र. लय वाढवून लवकर सुटू पाहणाऱ्याला पुन्हा विलंबितात धुवावे लागतात.

वाद्यांची कथा जरा नाजूक. खुळखुळे आणि टाळ साबणाच्या पाण्यातून काढून गच्चीत उन्हाला. हँड-फूट-माउथची साथ आली की खुळखुळे कपाटात, कारण धाकट्यांच्या हाती आलेला खुळखुळा आधी तोंडात जातो, मग तालात. पेटीच्या पट्ट्या किंचित ओल्या फडक्यानं. थेट फवारा मारला तर पाणी आत मुरतं. तबल्याच्या शाईला मात्र ओलाव्याचं वावडं. एकदा बाईंचा हात फवाऱ्यासकट तबल्याकडे वळला, तेव्हा तबल्याचे सर डग्गा पोटाशी धरून उठले होते. तेव्हापासून तह झालाय: तबला कोरडाच राहील, हात धुऊन पुसून मगच त्याला लागतील.

खिडक्या डिसेंबरातही सताड उघड्या. मुलं स्वेटर घालून गातात आणि शेजारी कानटोपी घालून ऐकतात. कुणी तक्रार केली, की बाई मार्च २०२० ची गोष्ट सांगतात: अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या तालमीला ६१ जण जमले आणि त्यांतले ५३ आजारी पडले. "बोलण्यापेक्षा गाताना तोंडातून जास्त तुषार उडतात. ते बाहेर नकोत जायला?" तुषार आपल्याच गॅलरीत येणार, एवढंच शेजाऱ्यांना त्यातून कळतं.

परवा एक सात वर्षांचा इसम उंबऱ्याशी आला. डोळे लाल, आवाज भांड्यात बसलेला. बाईंनी आरोह म्हणायला सांगितला, तर म्हणाला, "बाई, आज भूप म्हणतो."

भूपात म नाही. निही नाही.

बाई क्षणभर गहिवरल्या. एवढ्याशा पोराला वर्ज्य स्वर पाठ! त्यांनी पाठीवरून हात फिरवला, तो हात लगेच दोन आवर्तनं धुतला आणि म्हणाल्या, "शाब्बास. आता घरी जा. सोमवारी येशील तेव्हा दारातच यमन ऐकेन."