रातराणीच्या मागे

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. पुणे-कोल्हापूर महामार्ग मात्र मनाने मोठा. तिथे दुचाकी चालते, बैलगाडी चालते, म्हैस चालते आणि चालून कंटाळली की मधल्या लेनमध्ये बसतेही. दिवसा हे सगळं दिसतं म्हणून निभावतं. रात्री घाबरायचं ते बिनदिव्याच्या मंडळींना.

म्हशीचंच घ्या. रंग डांबराचा, मुक्काम डांबरावर. ताशी ८० च्या वेगाने मोटरसायकल एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. काहीतरी दिसणं, ती म्हैसच आहे हे मनाला पटणं आणि मग ब्रेक आठवणं, एवढ्यात तो सेकंद खर्ची पडतो. खरं थांबणं अजून बाकीच! ताशी ५० ला तोच सेकंद १४ मीटरांत उरकतो. हॉर्नवर भिस्त ठेवू नये. म्हैस फार तर कान हलवते. (तरीही हेल्मेटला काळी काच लावून रात्री निघणारे वीर आहेत. त्यांना काय दिसत असेल, हे त्यांनाच ठाऊक.)

गळीत हंगामात कराडच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर लागतात. एकामागे दोन ट्रॉल्या, त्यातून ऊस असा बाहेर आलेला की मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर दोन्ही गुडूप. पण मागे दिवा नसला तरी पुढे डेक असतो, आणि डेक कधी बिघडत नाही. म्हणून ट्रॅक्टर कानाने ओळखायचा. हेल्मेटमधूनही ढोलकी ऐकू आली की मूठ सैल सोडावी. क्वचित एखादा चालक शांतताप्रिय निघतो. तो सगळ्यांत धोक्याचा.

बंद पडलेल्या ट्रकची भाषा वेगळी. मागे झाडाची फांदी आणि रस्त्यावर ओळीने दगड. पंक्चर काढून ट्रक निघून जातो, दगड तिथेच राहतात. थोडक्यात, फांदी दिसली की पुढे ट्रक आहे आणि नुसते दगड दिसले की ट्रक होता. दुसरा प्रकार बऱ्याचदा डोळ्यांच्या आधी चाकाला कळतो.

यावर मला एकच उपाय सापडलाय: एसटीची रातराणी गाठायची. तिच्या ड्रायव्हरला रस्त्यातला खड्डा न् खड्डा तोंडपाठ असतो, आणि तिचे ब्रेकचे लाल दिवे आपल्याला पुढची बातमी देत राहतात. फक्त शेपटीला चिकटू नये. बस दगडाला दोन चाकांच्या मधून सोडते आणि तो थेट आपल्या स्वाधीन करते. चांगलं पन्नास-साठ मीटर अंतर हवं.

ती चहाला थांबली की आपणही थांबायचं. डुलकीचाही बंदोबस्त होतो. मागे अशाच एका धाब्यावर कंडक्टर कप घेऊन माझ्याकडे आला.

“पाव्हणं, साताऱ्यापासनं मागं हाय तुम्ही. निम्मं तिकीट तरी काढा की.”