ड्रोन शिंकत नाही

मार्च संपत आला की अटलांटाच्या उत्तरेकडची उपनगरं हळद लागल्यासारखी पिवळी होतात. पाइनची झाडं पराग सोडतात आणि नेमका तोच मुहूर्त साधून तिथल्या मराठी घरांतून एक गृहस्थ बाहेर पडतो. नोकरीने आयटीतला, वयाने चाळिशीतला, हातात घडीचा २४९ ग्रॅमचा ड्रोन. वजन २४९च का, हे त्याला विचारू नये. विचारलंत तर २५० ग्रॅमपासून नोंदणी कशी लागते, यावर तो तुमचा चहा निवेपर्यंत बोलेल. आपण त्याला ड्रोनराव म्हणू. ड्रोनरावांची सावधगिरी वादातीत आहे. माझा आक्षेप ती कुठे खर्च होते याला आहे. परागाच्या दिवसांत जपायला हवा वैमानिक, आणि हे जपतात विमानाला.

पुरावा त्यांच्याच अंगणात मिळतो. उड्डाणाआधी मऊ ब्रश निघतो, लेन्सचं खास कापड निघतं, गवतावर नारिंगी पॅड पसरला जातो. मोटारीत पराग शिरून ती अडकेल, ही धास्ती. आता या मोटारी ब्रशलेस असतात. आत घासणारे ब्रशच नसल्यामुळे तिथे कचरा साचून संपर्क तुटण्याचा प्रश्न येत नाही. समुद्रकाठच्या वाळूतले लोहाचे कण मोटारीच्या चुंबकाला चिकटतात. परागाला चुंबकाचं आकर्षण नाही. लेन्स आणि सेन्सर पुसावे लागतात, हे मान्य. पंख्यांच्या झोताने खालची पूड उडते, म्हणून पॅडही शहाणपणाचा. पण एवढी सेवा झाल्यावर यंत्र ठणठणीत असतं, आणि त्याच पिवळ्या अंगणात ड्रोनराव उघड्या नाकाने उभे असतात.

अमेरिकेतला नियम सांगतो की हौशी माणसाने उडवलेला ड्रोन त्याच्या किंवा शेजारी उभ्या असलेल्या निरीक्षकाच्या नजरेत राहिला पाहिजे. म्हणजे या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत महत्त्वाचा सेन्सर वैमानिकाचा डोळा, आणि नेमका तोच लाल होऊन वाहतोय. सेकंदाला दहा मीटर जाणारा ड्रोन एका शिंकेत झाडांच्या शेंड्यांपर्यंत पोचतो. निरीक्षक म्हणून पत्नीची नेमणूक झालेली असते, पण ती सोसायटीच्या सभेतल्या अनुमोदकासारखी: साहेब शिंकले की पाठोपाठ तीही शिंकते. गोळी घेतली तर? जुन्या प्रकारच्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी झोप येते. त्यांतल्या डायफेनहायड्रामिनसाठी तर खऱ्या विमानाच्या वैमानिकांना शेवटच्या मात्रेनंतर ६० तास थांबायला सांगतात. ड्रोनराव ती रात्री घेतात आणि सकाळी आकाशात असतात.

यावर त्यांचं उत्तर तयार असतं: पाइनचा पराग आकाराने मोठा, त्याची ॲलर्जी फारशी होत नाही. हे खरंच आहे, पण अर्धं. त्याच दिवसांत ओकही पराग सोडतो. तो एवढा डोळ्यांत भरत नाही आणि नाकाला मात्र चांगलाच झोंबतो. जो दिसतो तो पुसायचा आणि जो बाधतो तो हुंगायचा, असा हा कारभार. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बहर याच दिवसांत, पाडवाही याच दिवसांत, मग चित्रण काय डिसेंबरात करायचं? नाही, पण दिवस निवडता येतो. चांगला पाऊस पडून गेला की हवेतला पराग खाली बसतो. शिवाय तिथे परागाची मोजणी रोज जाहीर होते. २९ मार्च २०२५ रोजी, पाडव्याच्या आदल्या दिवशी, अटलांटात घनमीटरमागे १४,८०१ कण मोजले गेले. १,५०० च्या वर गेलं की तिथे 'अत्यंत जास्त' म्हणतात. ड्रोनराव वाऱ्याचा वेग पाहतात, उपग्रह मोजतात, बॅटरीचे टक्के तोंडपाठ सांगतात. या आकड्याकडे बघायला मात्र त्यांना सवड नसते.

तिसरा आक्षेप स्वाभिमानाचा आहे: मास्क आणि बंद चष्मा लावून अंगणात उभं राहिलं तर शेजारी काय म्हणतील? नारिंगी पॅडपुढे गुडघे टेकून चार पंख्यांना ब्रश करणाऱ्या माणसाने लोकलज्जेची सबब सांगावी, हे जरा जास्तच झालं. तेव्हा ड्रोनरावांनी यंत्राकडूनच एक गोष्ट शिकावी. ताकद संपत आली की ड्रोन कुणाचा मान-अपमान न पाहता आपणहून घरी परततो.