अगंबाई, पाय हलतोय की!

एलेन बेनेसचं प्रकरण कानावर आलं असेलच तुमच्या. न्यूयॉर्कची शिकलीसवरली, फटकन बोलणारी मुलगी. मित्र उंचापुरा, देखणा, डोक्यानं जरा मंद. एक दिवस तिनं त्याच्या गाडीतल्या रेडिओचं बटण दाबलं. ख्रिश्चन रॉक. दुसरं दाबलं. ख्रिश्चन रॉक. त्यानं लावून ठेवलेली सगळीच्या सगळी स्टेशनं तसलीच! सिगारेटचं पाकीट सापडलं असतं, दुसरीचं पत्र सापडलं असतं, तर काय करायचं ते कुठल्याही मुलीला ठाऊक असतं. याचं काय करायचं? 'साइनफेल्ड' मालिकेतला १९९८ सालचा हा भाग. आणि खरा धक्का पुढेच आहे. तिनं मित्रमंडळींत हे गाऱ्हाणं मांडलं, तर जॉर्जनं सांगून टाकलं की आपल्याला आवडतं हे संगीत! जॉर्जला! ज्याला जगात कशाचंही कौतुक म्हणून नाही!

पुढे त्या मित्रानं शांतपणे सांगितलं की एलेन नरकात जाणार. मात्र आपण स्वतः तिथे जाणार नसल्यामुळे त्याला त्याची फारशी काळजी नव्हती. निवाड्यासाठी दोघं पाद्रीबाबांकडे गेली, तर त्यांनी लग्नाआधीच्या संबंधांवर बोट ठेवून दोघांनाही नरकाची वाट दाखवली. ते त्यांचं त्यांना. आपला विषय रेडिओच्या बटणांचा आहे, कारण हे लोण आता आमच्या डॅलसच्या ताईच्या घरात शिरलंय.

आमचे भाऊजी म्हणजे वसंतराव देशपांड्यांच्या कॅसेटी धोतराच्या घडीत गुंडाळून सातासमुद्रापार नेलेला माणूस. आषाढी-कार्तिकीला न चुकता साबुदाणा भिजवणारा. त्यांच्या गाडीत ताईनं बटण दाबलं, तर गिटार, ड्रम, आणि मधूनच चक्क 'जीझस'. मला फोन आला तो कुजबुजत.

"अगं, यांनी तसलं काही केलं नसेल ना?"

"ताई, भाऊजींना तीस वर्षांत चहाची पावडर बदलवली नाही. धर्म कुठला बदलतायत!"

भाऊजींचं म्हणणं, रेडिओ आपोआप तिथे थांबतो. ऐकून मी आधी हसले. पण त्यात तथ्य आहे हो. अमेरिकेत एफएमचा खालचा पट्टा, ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ, बिगरव्यापारी प्रसारणासाठी राखीव आहे. विद्यापीठांची स्टेशनं तिथे, सार्वजनिक रेडिओ तिथे, आणि श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारी ख्रिस्ती स्टेशनंही तिथेच. त्यातल्या 'के-लव्ह' या एकाच जाळ्याची देशभर शेकडो केंद्रं आहेत. टेक्सासच्या रानात स्कॅनचं बटण दाबलं आणि शोध खालून सुरू झाला, की आधी हीच मंडळी हाती लागतात. जाहिराती नाहीत, निवेदक चावट बोलत नाही, मागच्या सीटवर मुलं असली तरी आवाज कमी करायला धावावं लागत नाही. इथवर भाऊजी निर्दोष. पण थांबलेलं स्टेशन पुढे ढकलायला देवानं बोट दिलंय ना? ते का उचललं नाही?

ते उचलू न देणं हीच त्या गाण्यांची करामत. हळू पियानो, एकटाच आवाज, मग 'यू-टू' बँडच्या 'एज' नावाच्या गिटारवाल्यानं जगाला लावलेली ती घुमणारी, एका सुराचे चार करणारी गिटार. ड्रम दबा धरून असतो. दुसऱ्या कडव्यानंतर तो फोडणीसारखा तडतडतो आणि ध्रुवपदात सगळे एकदम तारस्वरात. तेच ते चार कॉर्ड, हे मला मान्य. हजारभर लोकांना तालमीशिवाय एकसुरात गाता यावं म्हणूनच ते बेतलेले असतात. शब्द कानात शिरून अर्थ लागेपर्यंत पायानं ठेका धरलेला असतो, आणि एकदा हलायला लागलेल्या पायाला 'तू कुठल्या धर्माचा' असं विचारता येत नाही.

शिवाय पुष्कळ गाण्यांत देवाचं नावच नसतं. नुसतं 'तुझ्यावाचून करमेना' छापाचं आर्जव. या धंद्यातली माणसं स्वतःच थट्टेनं 'जेपीएम' मोजतात, म्हणजे दर मिनिटाला येशू किती वेळा आला! 'साउथ पार्क'वाल्यांनी २००३ मध्ये यावर अख्खा भाग रचला. त्यातलं ते आगाऊ कार्टं साध्या प्रेमगीतांतली प्रेयसी काढून तिथे येशू बसवतं आणि धो-धो रेकॉर्ड विकतं. पण त्याला हवी असलेली प्लॅटिनम तबकडी काही मिळत नाही, कारण ख्रिस्ती संगीताला म्हणे सोनं, ऊद आणि गंधरस अशीच बक्षिसं असतात. हसून घ्या. प्रत्यक्षात प्लॅटिनम कधीच मिळालं होतं, आणि तेही कोणाला, तर अंगाला चिकटलेले पिवळेकाळे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालणाऱ्या चार पुरुषांना.

हे चौघं म्हणजे कॅलिफोर्नियाचे 'स्ट्रायपर'. फुगवलेले केस, डोळ्यांत काजळ, कानठळ्या बसवणारं हेवी मेटल. बाकीचे मेटलवाले रंगमंचावर काय-काय चाळे करायचे ते इथे लिहिता येणार नाही; हे प्रेक्षकांत काय फेकायचे? नव्या कराराच्या प्रती! पुढच्या रांगेत उभं राहून 'मत्तय ते प्रकटीकरण' कपाळावर झेलायचं. १९८६ मध्ये त्यांचा 'टू हेल विथ द डेव्हिल' आला, तो प्लॅटिनम झाला, एमटीव्हीवर त्यांचे व्हिडिओ झळकले. आणि चर्चमधली काही वडीलधारी मंडळी? आनंद झाला असेल म्हणता? छे! सैतानाला शिव्या द्यायला सैतानाचीच गिटार, म्हणून त्यांचा तिळपापड. त्यांत सर्वांत मोठा आवाज लुइझियानाचे दूरचित्रवाणी-प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांचा. त्यांनी १९८७ मध्ये धार्मिक रॉकवर आख्खं पुस्तकच काढलं. मेंढीच्या कातड्यातला लांडगा, असा त्याचा सूर.

आता ही आतली गोष्ट ऐका. 'स्ट्रायपर'मधले दोघे स्वीट बंधू लहानपणी ज्यांचं प्रवचन टीव्हीवर पाहून देवाकडे वळले, ते प्रवचनकार हेच स्वॅगर्ट! आणि हे स्वॅगर्ट कोणाचे मावसभाऊ? तर पियानोवर लाथा मारत रॉक अँड रोल गाजवणाऱ्या जेरी ली लुइसचे. स्वतः स्वॅगर्टही पियानो वाजवून भजनं गात, आणि त्यांच्या डाव्या हातातून भावाचा ठेका लपत नसे. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, वेगळ्याच एका भानगडीपायी त्यांना टीव्हीवर ढसाढसा रडून माफी मागावी लागली. तिचा रॉकशी काही एक संबंध नव्हता, एवढं सांगून मी गप्प बसते.

या ख्रिस्ती रॉकच्या घराण्याचा मूळपुरुष लॅरी नॉर्मन. खांद्यावर रुळणारे पिवळे केस, हिप्पी अवतार. १९६९ चा त्याचा 'अपॉन धिस रॉक' हा या प्रकारातला पहिला मोठा अल्बम म्हणतात. चर्चवाल्यांना तो फार रॉक, रॉकवाल्यांना फार येशू. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. त्यानं १९७२ मध्ये लंडनला मुद्रित केलेला अल्बम पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय ठेव म्हणून जतन करायला घेतला. तोवर तो हे जग सोडून गेला होता. अशांना मान देण्याची घाई कुठल्याच देशात नसते.

बरं, भाऊजींकडे बोट दाखवणाऱ्यांनो, तुमचं काय? नव्वदीच्या शेवटी 'किस मी' गुणगुणत कॉलेजच्या कट्ट्यावर बसणाऱ्या मुलींनो! ते गाणाऱ्या 'सिक्सपेन्स नन द रिचर'नं आपलं नाव सी. एस. लुइसच्या ख्रिस्ती धर्मावरच्या पुस्तकातून घेतलंय. चुंबनाचं गाणं, आणि मागे कोण उभे, तर लुइस मास्तर! आणि 'क्रीड'? पुण्या-मुंबईच्या होस्टेलांत डोळे मिटून, घसा ताणून ज्यांनी स्कॉट स्टॅपची नक्कल केली, ते आज बँकांत साहेब आहेत. आपण ख्रिश्चन बँड नाही असं 'क्रीड'वाले परोपरीनं सांगत आले. पण गाणी ऐकली की वाटतं, बाबा रे, तुलाच ठाऊक. त्यांच्या 'ह्यूमन क्ले'च्या अमेरिकेत एक कोटीहून जास्त प्रती गेल्या, मग वर्षानुवर्षं 'क्रीड' आवडतं म्हणणं म्हणजे चारचौघांत नाक शिंकरणं मानलं गेलं, आणि २०२३ मध्ये टेक्सास रेंजर्सच्या बेसबॉल खेळाडूंनी कपडे बदलायच्या खोलीत तेच लावायला सुरुवात केली. मग आर्लिंग्टनच्या मैदानात हजारोंनी 'हायर' गायलं. संघानं इतिहासात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली. आर्लिंग्टन ताईच्या घरापासून फार लांब नाही. काय समजायचं ते समजा.

उलटी चोरीही झालेली आहे. २००३ मध्ये 'इव्हॅनेसन्स'चा 'फॉलन' ख्रिस्ती दुकानांत झपाट्यानं खपत होता. तेवढ्यात बँडनं एका मुलाखतीत आपला त्या गोतावळ्याशी संबंध नाही असं सांगितलं, तेही अशा भाषेत की रेकॉर्ड कंपनीनंच दुकानदारांना माल परत पाठवायला सांगितलं. विकत घेऊन गेलेल्यांनी मात्र काही परत केल्याचं ऐकिवात नाही. आवडलं होतं ना!

जिमचं तर विचारू नका. दंड थोपटत, आरशात स्वतःकडे रागानं बघत वजनं उचलणारी पोरं 'स्किलेट'चं 'मॉन्स्टर' लावतात. २००९ चं गाणं. गायक जॉन कूपर, सोबत बायको कोरी, ड्रमवर इंग्लंडहून आलेली जेन लेजर. श्रद्धाळू, कुटुंबवत्सल मंडळी. ज्या पोरांना वाटतं आपल्या आतला राक्षस जागा होतोय, त्यांच्या कानात खरं तर रविवारची प्रार्थना चालली आहे. कुणी सांगायला जाऊ नका. चढवलेलं वजन पायावर पडेल.

'आपल्याकडे नाही बाई असलं!' असं म्हणणार असाल, तर थांबा. १८८२ च्या सप्टेंबरात साल्व्हेशन आर्मीचे फ्रेडरिक टकर मुंबईत उतरले. आयसीएसची नोकरी सोडलेला साहेब, देशी कपडे, सोबत चारदोन माणसं आणि वाद्यं. वाजतगाजत रस्त्यानं मिरवणूक काढली, तर पोलिसांनी धरलं. या आर्मीची रीत काय, तर लंडनच्या संगीतबारीतली 'शॅम्पेन चार्ली'सारखी दारूची गाणी उचलायची आणि त्या चालींवर देवाचे शब्द बसवायचे. आमच्या रेव्हरंड टिळकांनी तर ऑर्गनची वाटच पाहिली नाही. अभंग, ओवी, कीर्तन, सगळं तसंच्या तसं येशूच्या दारी नेलं, आणि मराठी चर्चांत ते आजही गायलं जातं. बिगरख्रिस्ती मंडळींनी नाक मुरडण्याआधी कोकणातली डबलबारी आठवावी. बुवा गजराला उभे राहिले की परवाच्या सिनेमाची चाल अशी पांडुरंगाच्या पायी घालतात की समोरचा बुवा घाम पुसतो. तिथे आपण टाळ्या पिटतो. भाऊजींनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली तर मात्र घरात सुतक!

हवा तर सध्या अशी आहे की २०२५ मध्ये ब्रँडन लेक आणि फॉरेस्ट फ्रँक यांची भक्तीची गाणी बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत, साध्यासुध्या प्रेमभंगाच्या गाण्यांच्या मांडीला मांडी लावून बसली. ताईचा धाकटा म्हणतो, फ्रँकचं गाणं त्याला फोनवर कुणाच्या तरी नाचाखाली सापडलं. बापाचं नाव घेत नाही, हुशार आहे. ताई स्वतः म्हणते, 'मला नाही बाई आवडत,' पण परवा भांडी लावताना जे गुणगुणत होती ते ना भूप होतं ना यमन.

आणि आता ताजी खबर. करविवरणाचे कागद लावताना ताईला एक पावती सापडली. देणगीची. त्या स्टेशनला. भाऊजींचा खुलासा तयार होता: करात सूट मिळते.

"किती दिलेत?" मी विचारलं.

"रकमेचं सोड."

"मंडळाच्या गणपतीला दिले त्याहून कमी ना?"

"जास्त," ताई म्हणाली. "आणि हे कुणाजवळ बोलू नकोस हं."

बोलले नाहीये मी कुणाजवळ. फक्त लिहिलंय.