दाजींची करंजी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दर गावाला एक देऊळ, एक तालीम आणि एक खटपट्या असतो. देवळाला पुजारी असतो, तालमीला वस्ताद असतो. खटपट्याला कुणीच नसतं. त्याला पत्र्याची शेड असते. शेडमध्ये जळालेल्या मोटारी, सायकलच्या चेना, लुनाची टाकी आणि ‘राहू दे, कामाला येईल’ एवढ्या एका वाक्यावर तगून राहिलेल्या बाकीच्या वस्तू असतात. घरच्यांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नसतो. पण मिक्सर बंद पडला की हाक त्यालाच.

ही जमात अलीकडची नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावात सायकलींचं दुकान होतं. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली, कारण लोखंडाने जमिनीला विष बाधतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, आणि 1910 साली त्या निवडुंगाच्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. कराडजवळ ओगले मंडळींनी काचेचा कारखाना काढला, तोही औंध संस्थानातच. तिथला प्रभाकर कंदील ज्यांच्या माळ्यावर नाही त्यांनी तो मोडीत घातला असेल एवढंच. सूर्यनमस्कारांचं वेड असलेल्या त्या राजाला खटपट्यांचंही थोडं वेड असावं. नाहीतर नांगरवाल्याला माळ आणि कंदीलवाल्याला आसरा कोण देतो?

आमचे दाजी याच परंपरेतले, फक्त त्यांच्या वाट्याला राजा आला नाही, ताई आली.

दाजी नोकरीतून सुटले आणि साताऱ्यात शाहूपुरीतल्या घरामागे त्यांची शेड वाढू लागली. तोवर ते पंखे, इस्त्र्या, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी यांवर समाधानी होते. मग कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी गाडीच्या मागे ओढायच्या एका जुन्या अमेरिकन ट्रेलरचं चित्र पाहिलं. पुढून गोल, मागे निमुळता उतरलेला, चांदीच्या रंगाचा. दाजींनी ते चित्र ताईला दाखवलं. ताई म्हणाली, “करंजी आहे ही.” त्या दिवसापासून घरात त्याला करंजी हेच नाव पडलं, आणि मी तरी त्याहून बरं वर्णन ऐकलेलं नाही.

या करंजीचा इतिहास दाजींनी मला इतक्या वेळा सांगितलाय की आता तो मलाच पाठ झालाय. 1930 च्या दशकात अमेरिकेत मोटारी झाल्या होत्या, रस्ते होत होते, पण खिशात पैसा नव्हता. लोक घरच्या घरी ट्रेलर ठोकायला लागले. मासिकं त्यांचे आराखडे छापायची. वॉली बायम नावाच्या गृहस्थांनी जुन्या फोर्ड मॉडेल टीच्या सांगाड्यावर तंबू उभारला. सांगतात ते असं, की बायकोने साफ सांगितलं होतं, स्वयंपाकघराशिवाय मी कुठे येणार नाही. मग त्या तंबूचं घर झालं, घराचे आराखडे ते विकू लागले, आणि त्यातून 1931 साली एअरस्ट्रीम नावाची कंपनी निघाली. ही गोष्ट सांगताना दाजी ‘बायकोने सांगितलं’ या ठिकाणी थांबून ताईकडे बघतात. ताई भाजी निवडत असते.

करंजीची मापं कुणी ठरवली असं विचारलं तर उत्तर आहे प्लायवूडने. प्लायचा शीट आठ बाय चार फुटांचा येतो. म्हणून ट्रेलर आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि साधारण चार फूट उंच. आत दोन माणसं आडवी होतात. उभं राहायचं असेल तर बाहेर यायचं. मागचा उतरता भाग झाकणासकट वर उचलला जातो आणि त्याखाली ओटा असतो. म्हणजे स्वयंपाक करणारा उघड्यावर आणि जेवणारा आत. अमेरिकेत हे चालत असेल. आमच्या जिल्ह्याची गोष्ट वेगळी आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशे पडला तरी लोक पेढे वाटतात. त्यामुळे झाकण पावसाच्या हिशेबाने बसवायचं की धुळीच्या, यावर दाजींनी एक अख्खा उन्हाळा घालवला. शेवटी दोन्हींसाठी रबराची पट्टी लावली. आता ते झाकण उघडतच नाही.

सांगाड्यासाठी दाजी सांगलीच्या बाजूला गेले, कारण ट्रॉली करावी तर उसाच्या मुलखातच. तिकडे तालुक्याच्या प्रत्येक गावात, हमरस्त्याला लागून, वेल्डिंगची ठिणगी उडत असते. अँगल, चॅनेल, पाटे, जुन्या ट्रकचा अ‍ॅक्सल, वर रेड ऑक्साइडचा लाल हात. हंगामात दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर ऊस भरून, पुढे मोठ्याने गाणी लावून, कारखान्याकडे निघतात, त्या ट्रॉल्या इथेच जन्माला येतात. दाजींनी वेल्डरसमोर चित्र पसरलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं.

“साहेब, ह्यात ऊस किती टन बसंल?”

“ऊस नाही हो. माणसं.”

“किती मान्सं?”

“दोन.”

वेल्डर बराच वेळ काही बोलला नाही. मग समजुतीने म्हणाला, “त्यापरीस ट्रॉलीच करा की. पन्नास बसत्यात.”

सांगाडा झाला, पण खरी अडचण त्या गोलाईची. सरळ प्लाय वाकवायचा म्हणजे मागून करवतीने चिरा द्यायच्या, पाणी मारायचं, पट्टे आवळायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. दाजींना कुणीतरी सांगितलं की लाकडाला पोट कसं आणायचं हे बघायचं असेल तर मिरजेला जा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; तिथली कारागिरी पिढ्यान्पिढ्यांची आहे. दाजी गेले, एका कारखान्यात दिवसभर बसले. तिथे त्यांना समजलं की तंबोऱ्याचं पोट कुणी वाकवतच नाही. तो भोपळा असतो, वेलीवरच गोल होऊन येतो. परत येताना त्यांनी चार फूट व्यासाच्या भोपळ्याची चौकशी केली नाही, हे मी ताईला खात्रीने सांगितलंय. तिला अजून शंका आहे.

याच फेऱ्यांत ते देवराष्ट्र्याला गेले. देवराष्ट्रे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. शेजारी सागरेश्वर, तिथे धों. म. मोहित्यांच्या पुढाकाराने उघड्या डोंगरावर झाडं लावून अभयारण्य झालं, म्हणजे त्या बाजूला जंगलसुद्धा हाताने करायची रीत आहे. 2021 च्या डिसेंबरात हे गाव वेगळ्याच कारणाने देशभर गाजलं. गावातल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून चारचाकी बनवली होती. खर्च साधारण साठ हजार. दिसायला छोटी जीप आणि सुरू करायची मोटरसायकलप्रमाणे लाथ मारून. आनंद महिंद्रांनी तिचं मनापासून कौतुक केलं. मात्र ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या कुणीतरी अडवणारच, तेव्हा ती मला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या, असंही जाहीर सांगितलं. लोहारांनी काय करावं? घरातली लक्ष्मी आहे, ही देत नाही, तुम्हाला दुसरी बनवून देतो, असं ते आधी म्हणाल्याचं बातम्यांत आलं होतं. पुढे 2022 च्या जानेवारीत बोलेरो दारात आली. दाजी ही हकीकत सांगतात तेव्हा बोलेरोचा उल्लेख घाईने उरकतात. ‘दुसरी बनवून देतो’ यावर मात्र रेंगाळतात. सांगलीच्याच एका गॅरेजवाल्याने 1930 सालच्या फोर्डसारखी दिसणारी गाडी घडवल्याची बातमीही त्यांनी कापून ठेवलीय.

महिंद्रांचं म्हणणं खोटं नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम सांगतं की कारखान्यातून गाडी जशी आली तिच्या मूळ स्वरूपात मनाने फेरफार करायचा नाही. ट्रेलरलाही कायदा वाहनच समजतो. नोंदणी हवी, नंबर हवा. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा दाजींनी ते छापून आणलं आणि चष्मा लावून दोनदा वाचलं. परसात प्लाय वाकवणाऱ्या निवृत्त गृहस्थांचा त्यात विचार नव्हता. दाजींच्या एका वकील मित्राने मग तोडगा काढला. म्हणाला, चाकं लावशील तर ते वाहन, नाही लावलीस तर फर्निचर. करंजी त्यामुळे सध्या विटांवर आहे. चाकं शेजारी उभी केलीत, प्रिया स्कूटरची. प्रिया साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनायची, त्यामुळे जुन्या धाटणीच्या ट्रेलरला तीच चाकं शोभतील असं दाजींचं म्हणणं. आमची पुरातन वस्तू अमेरिकेतली कशाला, शाहूपुरीतलीच असू दे. आतल्या दिव्यासाठी त्यांनी माळ्यावरून प्रभाकर कंदील काढला आणि त्यात एलईडी बसवला. घरातल्या आत्याबाई हे पाहून दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

आषाढात माउलींची पालखी लोणंदला आली तेव्हा दाजी मला घेऊन गेले. दर्शनाला गेलो असं घरी सांगितलं. खरं म्हणजे दिंड्यांचे ट्रक बघायला. ट्रकच्या टपावर राहुट्या, आत शिधा, गॅस, परातींच्या उतरंडी, बाजूला लटकवलेल्या बादल्या, मागच्या फळीवर चहा उकळतोय. शेकडो माणसांचा संसार त्या एका ट्रकावर, आणि मुक्कामी पोचल्यावर बघता बघता पंगत बसते. दाजींनी खिशातून टेप काढून फळीचं माप घेतलं. तिथल्या एका आजींनी विचारलं, काय मोजताय? दाजींनी करंजीबद्दल सांगितलं, दोन माणसं आत झोपतात वगैरे. आजी म्हणाल्या, “आत कशापायी? पालात झोपावं, वारं लागतं.” आणि आम्हाला चहा दिला.

येताना दाजी गप्प होते. मलाही त्या रस्त्यावर दिवाळीनंतर दिसणारे मेंढपाळ आठवत होते. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबडी, कोंबडीशेजारी कोकरू, आणि मागे चालत येणारी बाई. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळ्याही फडाशेजारी पाचटाच्या कोपीत अर्धं वर्ष काढतात. त्यांच्यापुढे कुणी कॅम्पिंगचा क काढू नये. हौस म्हणून उघड्यावर झोपायला आधी पक्कं घर लागतं, आणि ते दाजींना आहे, तीन खोल्यांचं, शिवाय वर गच्ची.

तरी मी त्यांना हसत नाही. ताईही वरवरच हसते. दाजींना कासला जायचं नाही, कोयनेला जायचं नाही, ठोसेघरला तर त्यांना थंडी वाजते. त्यांना जायचं असतं शेडमध्ये, सकाळी सातला, चहा घेऊन. जाणं हा त्यांच्या ट्रेलरचा विषयच नाही. बिजागरी कुरकुरते का, सनमायका सुटला का, झाकण का उघडत नाही, हे त्यांचं प्रवासवर्णन. शेजारची पोरं दुपारी करंजीत बसून अभ्यास करतात, पाहुणे वाढले की मी आत झोपतो. झोप उत्तम लागते, फक्त कूस बदलताना कंदिलाला डोकं लागतं.

गेल्या महिन्यात मात्र अनपेक्षित घडलं. ताईने आत शिरून पाहिलं, गादी दाबून पाहिली आणि म्हणाली, “अहो, येईन मी. पण न्हाणीघर पाहिजे.”

न्हाणीघर म्हणजे लांबी दहा फूट. प्लायचा शीट आठचा. म्हणजे जोड आला. जोड आला म्हणजे सांगाडा वाढवायचा, वजन वाढलं म्हणजे दुसरा अ‍ॅक्सल, गोलाई पुन्हा पहिल्यापासून. दाजींनी त्याच संध्याकाळी सगळी कागदपत्रं जेवणाच्या टेबलावर पसरली, पेन्सिलीला टोक केलं आणि वेल्डरला फोन लावला. इतके खूश ते मुलाच्या लग्नातही नव्हते.