ऑफ-टॉपिकचे पाटील

प्रोग्रामर मंडळींच्या कुठल्याही ऑनलाइन अड्ड्यावर एक खोली अशी असते, जिथं कामाचं बोललेलं चालत नाही. तिचं नाव 'ऑफ-टॉपिक', 'रँडम' किंवा नुसतंच 'गप्पा' असतं आणि ती कधीच रिकामी नसते. शेजारच्या 'मदत' नावाच्या खोलीत एखादा पोरगा आपला अडलेला प्रोग्राम घेऊन तीन दिवस ताटकळत असतो. इकडे मात्र कीबोर्डची बटणं किती खटखट वाजावीत, यावर चाळीस जण हातघाईला आलेले असतात. त्या गर्दीत एक गृहस्थ ठाण मांडून बसलेले असतात. त्यांना कुणी नेमलेलं नसतं, निवडून दिलेलं तर नसतंच. पण वादाला सुरुवात झाली की सगळे थांबून त्यांची वाट बघतात. आमच्या माहितीतले असे गृहस्थ हुपरीत राहतात. आडनाव वेगळं आहे, पण आम्ही त्यांना पाटीलच म्हणतो, कारण न मागितलेला न्याय देण्याची त्यांची तयारी चोवीस तास असते.

पाटलांचं घर हुपरीतल्या बहुतेक घरांसारखं: खाली काम, वर संसार. हातकणंगले तालुक्यातल्या या गावात पैंजण, वाळे, जोडवी, करदोडे घरोघरी घडतात आणि इथून देशभरच्या पेढ्यांवर जातात. पाटलांच्या खालच्या मजल्यावर मुशीत चांदी वितळते, तार ओढली जाते, कड्या जोडून डाक लावला जातो आणि शेवटी घुंगरं बसतात. वरच्या मजल्यावर पाटील पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतात. कंपनीचं काम एका पडद्यावर आणि ऑफ-टॉपिक दुसऱ्या पडद्यावर. दुसरा पडदा मोठा आहे.

वय अडतीस. डोक्यावर केस आहेत, पण त्यांचा जाण्याचा निर्णय झालेला आहे. कानांवर हेडफोन असतात, त्यात गाणं नसतं. आईनं हाक मारली तर ऐकू आली नाही असं म्हणायची ती सोय आहे. अड्ड्यावर त्यांचं नाव इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांचं असं काही मिश्रण आहे की ते मोठ्यानं उच्चारताच येत नाही. तिथं सगळा कारभार इंग्रजीत. ब्राझीलचा एक, पोलंडची एक, केनियाचे दोघे आणि कुठले ते कधीच न सांगणारे पुष्कळ. पाटलांची सकाळ झाली की कुणाची तरी रात्र असते. तरीही ते रोज सगळ्यांना सुप्रभात म्हणतात, आणि रोज कुणीतरी विचारतं, 'कुणाच्या घड्याळानं?' हा विनोद आठ वर्षं चालू आहे आणि अजून पाटील पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात.

पाटलांची खरी करामत बघायची तर एखादा नवखा चुकून त्यांच्या तावडीत सापडावा लागतो.

'एक प्रश्न विचारू का?' नवखा लिहितो.

'विचारू का, असं विचारू नये. विचारावं,' पाटील.

'फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं कशी काढायची?'

'तुला हे का करायचंय?'

'म्हणजे... काढायचीयत.'

'तुला खरं तर शेवटची तीन अक्षरं नकोयत. तुला फाइलचा प्रकार हवाय. आणि प्रकार हवाय म्हणजे तुझी मूळ रचनाच चुकलीय. तू हा प्रोग्राम कशासाठी लिहितोयस?'

वीस मिनिटांत नवखा आपण कॉम्प्युटर क्षेत्रात का आलो याचा कबुलीजबाब देत असतो. शेवटची तीन अक्षरं तिथंच राहतात. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पाटील देत नाहीत. तू जो विचारायला हवा होतास, त्याचं देतात. तो प्रश्नही तेच ठरवतात.

ज्ञानाइतकाच त्यांना इतिहासाचा अभिमान. १९८८ साली फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन नावाच्या माणसानं आयआरसी ही गप्पांची सोय लिहिली. पाटील तेव्हा दोन वर्षांचे होते, पण सांगतात असं की जणू चहा घेऊन हेच उभे होते. व्हिम नावाच्या संपादकातून बाहेर कसं पडायचं, हा २०१२ साली स्टॅक ओव्हरफ्लोवर विचारलेला प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाख वेळा पाहिला गेला, ही त्यांची आवडती कथा. 'दहा लाख लोक आत अडकले होते, भावा,' असं ते म्हणतात. स्वतः ते व्हिममध्येच राहतात. बाहेर पडायचं कसं ते माहीत असूनही पडत नाहीत, हा त्यांच्या मते दोन प्रकारच्या लोकांतला फरक.

मे २०२१ चा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो. तेव्हा फ्रीनोड या जुन्या जाळ्याची मालकी कुणाची यावरून बिनसलं. फुकट राबणारे कार्यकर्ते एकगठ्ठा बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट हे नवं जाळं उभं केलं. मागं राहिलेल्या मालकांनी मग, ज्या ज्या खोलीच्या दारावर नव्या पत्त्याचा उल्लेख होता, अशा शेकडो खोल्या ताब्यात घेतल्या. पाटील त्या रात्री झोपले नाहीत. सकाळी आईनं डोळे बघून विचारलं, 'कोण गेलं रं?' पाटील म्हणाले, 'सगळेच.' आईनं घाबरून देवापुढं दिवा लावला.

आता भाकितांबद्दल. हुपरीजवळ पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडाऱ्याच्या उधळणीत फरांडे बाबा पाऊसपाण्याची, पिकाची भाकणूक सांगतात. ती ऐकायला लाखोंनी माणसं येतात, पण भाकणूक होते वर्षातून एकदा. पाटलांची रोज होते. अमुक भाषा दोन वर्षांत मरेल, तमुक कंपनी बुडेल, सगळं पुन्हा सी-मध्ये लिहावं लागेल. जावा मरणार असं ते कॉलेजात असल्यापासून सांगताहेत. त्यांचा पगार जावातूनच येतो.

या खोलीत मोठ्या विषयांवर वाद होत नाहीत, कारण मोठे विषय कळायला वेळ लागतो. वाद होतात ते ओळीच्या सुरुवातीला टॅब द्यावा की स्पेस यावर. याची मीमांसा जुनीच आहे. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ च्या सुमारास लिहून ठेवलं, की समिती अणुभट्टीचा एक कोटी पौंडांचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि साडेतीनशे पौंडांच्या सायकल शेडवर पाऊण तास घालवते. शेड सगळ्यांनाच समजते. १९९९ साली पॉल-हेनिंग काम्प या प्रोग्रामरनं फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींना याच शेडची आठवण करून दिली. तिथं तेव्हा 'झोप' या आज्ञेला सेकंदाचे अपूर्णांक चालावेत की नाहीत यावर रण पेटलं होतं. पाटलांना ही गोष्ट इतकी पटली, की आपल्या खोलीत फालतू वाद होऊ नयेत म्हणून त्यांनी एक नियम सुचवला. त्या नियमाची शब्दरचना कशी असावी यावरची चर्चा अकरा दिवस चालली. शेवटी स्वल्पविरामावर फाटलं.

वडिलांना, म्हणजे आण्णांना, यातलं काय कळत असेल? आण्णांचा सगळा जन्म तोळ्या-ग्रॅमच्या हिशेबात गेलेला. चांदी वजन करून येते, दागिना वजन करून जातो, मधली घट किती हे कागदावर असतं. टंच, म्हणजे चांदीचा कस, काढल्याशिवाय कुणी कुणावर विश्वास ठेवत नाही. चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून तर कारखान्याची जमीन झाडल्यावर केरही फेकत नाहीत. त्यातही चांदी असते. अशा माणसाचा मुलगा वर बसून अनोळखी माणसांना पहाटे दोनपर्यंत फुकट अक्कल वाटतो.

'ह्येची मजुरी काय मिळती?' आण्णांनी एकदा विचारलंच.

'काही नाही, आण्णा.'

'मग ती लोकं कोण? पावणं हाईत?'

'नाही. नावंसुद्धा माहीत नाहीत.'

'नाव न्हाई, मजुरी न्हाई. आणि तू रातभर जागायलाईस!'

पाटलांनी मग त्यांना २०२४ च्या मार्चमधली हकीकत सांगितली. एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करणारं एक साधन आहे, जगभरच्या सर्व्हरांत पडून असतं. ते सांभाळणारा एकटा माणूस थकलेला होता. टोपणनावाचा कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्याला गोड बोलून मदत करत राहिला, विश्वासू झाला आणि एके दिवशी त्यानं त्यात चोरदरवाजा बसवला. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला दिसलं, की आपल्या मशीनवर आत शिरायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कुणी चहाचा घोट घेतला असता. हा खोदत गेला आणि २९ मार्चला त्यानं सगळं उघड्यावर मांडलं.

आण्णांनी चष्मा काढला. सायबर सुरक्षेवरची भाषणं ऐकूनही माणसांच्या तोंडावर जो भाव येत नाही, तो त्यांच्या तोंडावर आला.

'म्हंजे अर्ध्या सेकंदाची घट आली हुती,' ते म्हणाले, 'आणि गड्यानं ती सोडली न्हाई.'

'तेच.'

'मग हाय की काम. तुझी मंडळी अशी घट काढत्यात व्हय?'

पाटलांना खोटं बोलवेना. मागल्या पडद्यावर त्यांची मंडळी पिझ्झ्यावर अननस घालावा की नाही याचं मतदान घेत होती.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि पाटलांच्या वतनाला पहिली घरघर लागली. नवखे यायचे थांबले. त्या यंत्राला काहीही विचारा. ते आधी प्रश्नाचं कौतुक करतं, मग उत्तर देतं, उत्तर चुकलं तर माफी मागतं आणि दुसरं चुकीचं उत्तर देतं. 'तुला हे का करायचंय' असं एकदाही विचारत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोनं त्याच डिसेंबरात यंत्राची उत्तरं चिकटवायला बंदी केली, पण प्रश्नांचा ओघ आटत गेला तो गेलाच. 'मदत'च्या खोलीत शुकशुकाट. रागवायला कुणी नसल्यामुळं पाटील मऊ पडले. एक-दोनदा तर त्यांनी आपणहून लोकांची विचारपूस केली. ब्राझीलवाल्यानं काळजीनं विचारलं, तब्येत बरी आहे ना?

राहिला फक्त एक जण. टोपणनाव पाखराचं, इंग्रजी मोडकं पण जिद्दी. पाटलांनी हजामत केली तरी दुसऱ्या दिवशी हजर. त्याला पाटलांनी वर्षभर सोलून काढलं. तो कुठला, कोण, कुणी विचारलं नाही. विचारायची तिथं पद्धतच नाही.

एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि हुपरीची वीज गेली. पाटील वाक्याच्या मध्यावर अंतर्धान पावले. दोन तासांनी उगवले, तर पोलंडच्या बाईंनी एक निरीक्षण नोंदवून ठेवलं होतं: तुम्ही आणि ते पाखरू एकाच मिनिटाला गेलात, आणि आत्ता एकाच मिनिटाला आलात. हे तिसऱ्यांदा घडलंय.

खोली गप्प झाली. मग त्या इंग्रजी भिंतीवर आठ वर्षांत पहिल्यांदा देवनागरी अक्षरं उमटली.

'काका, तुम्ही हुपरीचे का? मी रेंदाळचा.'

रेंदाळ म्हणजे शेजारचं गाव. पाटलांच्या नावापुढं 'लिहीत आहे' ही सूचना बराच वेळ चमकत राहिली. वर्षभर ज्याला सोललं, तो पोरगा मोटरसायकलनं दहा मिनिटांत दारात येऊ शकत होता. त्याचा बाप आण्णांना ओळखत असणार. कदाचित कड्या जोडायला चांदी याच घरातून त्यांच्याकडं जात असेल. शिवाय 'काका'! इंग्रजीत आठ वर्षं पाटलांचं वय कुणी काढलं नव्हतं. आता परक्यासारखं तोडून बोलायची सोय राहिली नव्हती. उद्या अंबाबाईच्या देवळात कुणी विचारलं असतं, 'आमच्या पोराला रडवता व्हय?'

'व्हय,' पाटलांनी लिहिलं. 'बोल.'

पोरानं प्रश्न टाकला. पाटलांची बोटं सवयीनं 'तुला हे' इथपर्यंत गेली, थबकली आणि मागं आली.

'चौथ्या ओळीत कंस राहिलाय, भावा.'

पोरानं कंस घातला. प्रोग्राम चालला. पोरगं धन्यवाद म्हणून जेवायला गेलं. उत्तर अगदी शंभर टंचाचं होतं; पाटलांना रात्रभर हळहळ लागली ती एवढीच, की ते एका ओळीत संपलं.